माणूस कोणाचा?

पावर प्रेसखाली बोटे गेलेल्या कामगाराला भरपाईचा कायदा एक गोष्ट विचारत नाही: चूक कोणाची होती? डाय बसवताना त्याने हात लवकर घातला की ऑपरेटरने पेडल आधी दाबले, मशीन जुने होते का, यांपैकी कशावरही त्याचा मूळ हक्क अडत नाही. दुखापत कामामुळे आणि कामाच्या ओघात झाली एवढे ठरले की मालक देणे लागतो. हा प्रश्न कायद्याने विसरून नव्हे, विचार करून गाळला आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या न्यायालयांत जायबंदी कामगाराला मालकाचा निष्काळजीपणा स्वतः सिद्ध करावा लागे आणि मालकाच्या हाती तीन हुकमी उत्तरे असत. चूक सहकाऱ्याची होती, माझी नव्हे. धोका ठाऊक असूनच त्याने काम पत्करले. थोडी चूक त्याचीही होती. या तीन भिंती ओलांडून भरपाईपर्यंत पोचणारे थोडेच असत. जर्मनीने १८८४ मध्ये, इंग्लंडने १८९७ मध्ये आणि हिंदुस्थानने १९२३ मध्ये हा वादच बाजूला ठेवला. आपला कायदा १ जुलै १९२४ पासून लागू झाला. त्यामागे एक सौदा होता. कामगाराने मोठ्या रकमेची आशा सोडायची, त्या बदल्यात त्याला ठरलेली रक्कम वादाविना आणि लवकर मिळायची. या सौद्यातली कामगाराची बाजू शंभर वर्षे चोख पाळली गेली, म्हणजे रक्कम लहानच राहिली. मालकाची बाजू मात्र ढिली झाली. 'चूक कोणाची' हा प्रश्न पुढच्या दाराने बाहेर गेला आणि 'माणूस कोणाचा' हा मागच्या दाराने आत आला. आजच्या भरपाईचा सगळा झगडा या दुसऱ्या प्रश्नाभोवती आहे, असे माझे म्हणणे आहे.

मागणी विलायतेतून आली आणि आपण ती उचलली, असा समज असेल तर तो आधी दूर केला पाहिजे. सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईतल्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन फॅक्टरी कमिशनला दिले गेले. आठवड्याची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, ठरावीक तारखेच्या आत पगार या मागण्या आपल्याला आठवतात. त्याच यादीत आणखी एक मागणी होती. गिरणीत काम करताना जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि कायमचा निकामी झाल्यास त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी. रविवारची सुटी १८९० मध्ये मिळाली. पूर्ण पगाराची मागणी कायद्याने अजूनही मान्य केलेली नाही. तात्पुरत्या अपंगत्वात पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के, म्हणजे महिन्याला निम्मा पगार मिळतो, तोही जास्तीत जास्त पाच वर्षे. अपंगत्व २८ दिवसांपेक्षा कमी टिकले तर पहिल्या तीन दिवसांचे तेवढेही नाही. घरात एकट्याच्या कमाईवर चूल पेटत असेल तर निम्म्या पगारात प्लास्टरचे तीन महिने कसे काढायचे, याचा विचार हा आकडा ठरवणाऱ्यांनी केलेला दिसत नाही.

रकमेचे गणित एकदा स्वच्छ समजून घेतले पाहिजे, कारण तडजोडीच्या वेळी ते न कळण्याचाच फायदा घेतला जातो. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाचे ५० टक्के, कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास ६० टक्के. या आकड्याला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे. वय जितके कमी तितका गुणक मोठा: तिशीच्या माणसाला २०७.९८, पंचावन्नच्या माणसाला १३५.५६. अंशतः अपंगत्वासाठी शरीराच्या अवयवांची यादीच कायद्याला जोडलेली आहे. अंगठा गेला तर ३० टक्के, एका हाताची चारही बोटे गेली तर ५०, तर्जनी १४, मधले बोट १२, करंगळी ७. मेख वेतनात आहे. खरा पगार कितीही असो, हिशेबासाठी तो एका मर्यादेपर्यंतच धरतात. ही मर्यादा बरीच वर्षे ४,००० रुपये होती, मे २०१० मध्ये ८,००० झाली आणि जानेवारी २०२० मध्ये १५,०००. या मर्यादेने तीस वर्षांच्या कामगाराच्या मृत्यूची भरपाई १५,५९,८५० रुपये होते, पूर्ण अपंगत्वाची १८,७१,८२० आणि अंगठ्याची ५,६१,५४६. महिना २८,००० मिळवणारा वेल्डर असला तरी आकडा हाच. हाच वेल्डर रस्त्यावर दुसऱ्याच्या ट्रकखाली सापडला तर मोटार अपघात न्यायाधिकरण त्याचे पूर्ण उत्पन्न धरते. तिथे निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो, इथे लागत नाही, एवढाच काय तो सौदा. मर्यादा महागाईला बांधलेली नसल्याने ती वाढवण्याची अधिसूचना निघेपर्यंत भरपाई दरवर्षी आपोआप आक्रसत जाते.

यादीतल्या टक्क्यांवर मात्र सगळे संपत नाही. १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या चार न्यायमूर्तींपुढे ओडिशातल्या एका सुताराचा दावा आला. चित्रपटगृहाच्या सजावटीचे काम करताना तो पडला आणि त्याचा डावा हात कापावा लागला. यादीप्रमाणे हे अंशतः अपंगत्व, असे मालकाचे म्हणणे होते. न्यायालयाने विचारले, एका हाताने सुतारकाम होते का? होत नाही, म्हणून कमाईची क्षमता शंभर टक्के गेली. याच निकालाने दुसरीही गोष्ट ठरवली: भरपाई निकालाच्या दिवशी नव्हे, अपघाताच्या दिवशीच देय होते. पहिला मुद्दा कामगारांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. सरकारी दवाखान्यातला अपंगत्वाचा दाखला शरीराचे किती टक्के गेले ते सांगतो. कायदा कमाईचे किती टक्के गेले ते विचारतो. गुडघा न वळणाऱ्या कारकुनाचे आणि गुडघा न वळणाऱ्या सेंटरिंगवाल्याचे नुकसान सारखे नसते. दाव्याच्या कागदांत नुसता दाखला जोडून हा फरक दाखवायचे राहून गेले तर मोठी रक्कम हातची जाते.

'कामाच्या ओघात' या शब्दांवर न्यायालयांनी बरीच मेहनत घेतली आहे आणि त्या निकालांत आपला भूगोलही आहे. १९५७ मध्ये बेस्टचा एक चालक जोगेश्वरी डेपोत ड्युटी संपवून सांताक्रूझला घरी जाण्यासाठी बेस्टच्याच बसमध्ये बसला. इर्ल्याच्या पुलाजवळ बस उभ्या लॉरीवर आदळली आणि तो दगावला. ड्युटी संपली होती, हा बेस्टचा बचाव सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये बहुमताने फेटाळला. चालकांना फुकट प्रवास दिला तो मेहेरबानी म्हणून नव्हे, बससेवा वेळेवर चालावी म्हणून. तेव्हा तो प्रवासही नोकरीचाच भाग. त्याआधी १९५८ मध्ये पोरबंदरच्या मिठागरातल्या कामगारांचा निकाल उलटा लागला होता. परतताना त्यांची होडी बुडाली, पण ती सार्वजनिक होडी होती, म्हणून भरपाई नाही. या दोन टोकांमध्ये अलीकडचा महत्त्वाचा निकाल धाराशिव जिल्ह्यातला आहे. साखर कारखान्याचा पहारेकरी एप्रिल २००३ मध्ये पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलवर निघाला आणि कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर अपघातात गेला. भरपाई आयुक्तांनी ३,२६,१४० रुपये मंजूर केले. उच्च न्यायालयाने २०११ मध्ये तो आदेश रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै २०२५ रोजी पुन्हा कायम केला. कामाला जाता-येतानाचा अपघात, वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दाखवता आला तर, कामाच्याच ओघातला. निकाल चांगला आहे. बावीस वर्षे मात्र कशातच बसत नाहीत; पहारेकऱ्याची लहान मुले तोवर कर्ती झाली असतील.

या तिन्ही खटल्यांत एक गोष्ट समान होती. मेलेला माणूस कोणाचा, याबद्दल वाद नव्हता. बेस्टचा चालक बेस्टचा होता, पहारेकरी कारखान्याचा होता. आज चाकण-भोसरीच्या शेडमध्ये, भिवंडीच्या गोदामात किंवा पुण्याच्या कडेला उभ्या राहणाऱ्या इमारतीवर हे इतके सरळ नसते. बिल्डरने काम ठेकेदाराला दिलेले, ठेकेदाराने सेंटरिंग वेगळ्याला, त्याने मुकादमाकडून माणसे आणलेली, मुकादमाने नाक्यावरून दोन बिगारी वाढवलेले. हजेरी मुकादमाच्या वहीत किंवा मोबाइलमध्ये, पगार रोख. अपघात झाला की ही साखळी वरून खाली सुटत जाते आणि शेवटी उरतो तो मुकादम, जो स्वतःच बारा हजारांचा धनी. खरे तर कायद्याने हे ओळखून ठेवले आहे. मुख्य मालकाने आपल्या धंद्याचे काम ठेकेदाराकडून करून घेतले तरी ठेकेदाराच्या माणसाची भरपाई मुख्य मालकाकडून मागता येते. मालकाने ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी. नैमित्तिक मजुराला वगळणारे शब्द २००० च्या दुरुस्तीने गेले. म्हणजे नाक्यावरून एका दिवसासाठी नेलेला माणूसही कायद्यात बसतो. बसत नाही तो पुराव्यात. तो त्या दिवशी त्या साइटवर होता हे दाखवणारे काय असते? गेटवरची नोंद ठेकेदाराच्या ताब्यात, पगारपत्रक नाहीच, आणि सोबतचे मजूर तोवर दुसऱ्या शहरात. मग इस्पितळातली पहिली नोंद, म्हणजे एमएलसीच्या (वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणाच्या) कागदावर 'कामावर असताना पडला' हे तीन शब्द आहेत की 'जिन्यावरून पडला' आहेत, यावर सगळा दावा उभा राहतो किंवा कोसळतो. आणि तो कागद लिहून घेताना शुद्धीत आणि बोलता असतो तो बहुधा ठेकेदाराचा माणूस.

सिलिकोसिससारख्या रोगांत तर हे आणखी अवघड. कायदा अशा व्यवसायजन्य रोगाला अपघातासारखीच दुखापत मानतो. पण दगडखाणीत धूळ खाल्ली ती दहा वर्षांपूर्वी, चार वेगवेगळ्या खाणींत, आणि धाप आता लागते. ॲस्बेस्टॉसच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी काम सुरू झाल्यापासून चाळीस वर्षे किंवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षे, यांतले जे नंतरचे असेल तोवर जपायला सांगितले. नोंद नसेल तर रोग आहे पण मालक नाही, ही अवस्था न्यायालयाला दिसली होती.

राज्य कामगार विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये असलेल्यांची गोष्ट वेगळी आणि पुष्कळ बरी. दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत २१,००० रुपयांपर्यंत पगार असणारे त्यात येतात. कामगाराचा वाटा ०.७५ टक्के, मालकाचा ३.२५. कामावरच्या दुखापतीसाठी हक्क पहिल्या दिवसापासून. तात्पुरत्या अपंगत्वात वेतनाच्या ९० टक्के, कायमच्या अपंगत्वात त्या प्रमाणात आयुष्यभर दरमहा रक्कम, मृत्यूनंतर अवलंबितांना पेन्शन. ईएसआय लागू असेल तर भरपाईच्या कायद्याखाली वेगळा दावा करता येत नाही, पण सहसा त्याची गरजही पडत नाही. इथली गोम वेगळी आहे. वाहन उद्योगाच्या पुरवठादार कारखान्यांतल्या बोटांच्या अपघातांवर काम करणाऱ्या 'सेफ इन इंडिया' या संस्थेच्या अहवालांत पुनःपुन्हा एक गोष्ट आली आहे: अनेक जखमींचे ईएसआय कार्ड अपघातानंतर निघालेले असते. मालक हप्ता वाचवतो आणि बोट तुटल्यावर धावतपळत नोंदणी करतो. तरीही माझ्या मते योजनेचा मूळ विचार बरोबर आहे. मालकाने वर्गणी भरली नाही म्हणून कामगाराला उपाशी ठेवायचे नाही. आधी कामगाराला द्यायचे, मग मालकाकडून वसूल करायचे. भरपाईच्या कायद्याला नेमका हाच क्रम जमलेला नाही. तिथे कामगार आधी भांडतो, मग जिंकतो, मग वसुलीचा दाखला घेऊन जिल्हाधिकारी कचेरीकडे जातो, आणि मालकाच्या नावावर काही सापडले तर पैसे बघतो.

एवढ्या लांबच्या वाटेमुळेच तडजोड फोफावते. इस्पितळाचे बिल ठेकेदार भरतो, गावी जायचे भाडे देतो, वर पन्नास हजार किंवा लाख ठेवतो आणि स्टँप पेपरवर 'यापुढे माझी काही तक्रार नाही' असे लिहून घेतो. हा कागद कायद्याने कवडीमोल आहे. भरपाईचा हक्क सोडून देणारा कोणताही करार रद्दबातल ठरतो. रकमेबाबतचा समझोता आयुक्तांकडे नोंदवावा लागतो आणि रक्कम अपुरी वाटली तर ते नोंदणी नाकारू शकतात. मृत्यूची भरपाई तर मालकाने विधवेच्या हाती थेट द्यायचीच नाही, आयुक्तांकडे जमा करायची. तीन महिन्यांच्या वेतनाइतकी उचल तेवढी देता येते. हे बंधन काहींना जाचक वाटते: घरच्यांना आज पैसे हवेत, ते कचेरीत कशाला अडकवता? उत्तर असे की मृत्यूच्या आठवड्यात त्या घरात सौदा करायची ताकद नसते आणि दीर-सासऱ्यांच्या गर्दीत पैसा कोणाच्या हाती जाईल ते सांगता येत नाही. आयुक्त पत्नी, मुले आणि आईवडील यांचे वाटे ठरवतात, अज्ञान मुलांचा भाग बँकेत ठेवतात. उशीर होतो हा दोष खरा, पण तो उशिराचा दोष आहे, बंधनाचा नव्हे.

आता मालकांचे म्हणणे. चार मशीनच्या वर्कशॉपवाल्यावर एका अपघातात पंधरा लाखांचा बोजा पडला तर तो बुडेल आणि त्याच्याबरोबर बाकीच्या आठ कामगारांची रोजीही, हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण त्याचे उत्तर जबाबदारी कमी करण्यात नाही, ती वाटून घेण्यात आहे. विमा कंपन्या या देण्यासाठी पॉलिसी विकतात. अनेक मोठे कारखाने ठेकेदाराकडून ती मागतातही. ट्रकच्या चालक-क्लीनरसाठी हे संरक्षण मोटार वाहन कायद्याने सक्तीचे केले आहे. वर्कशॉपसाठी आणि बांधकामासाठी मात्र जुन्या भरपाईच्या कायद्याने विमा ऐच्छिक ठेवला. गाडी विम्याविना रस्त्यावर आणता येत नाही आणि शंभर टनी प्रेस विम्याविना चालवता येते, या फरकाला मला तरी काही कारण सापडत नाही. विमा असला म्हणजे सगळे सुरळीत होते असेही नाही; कंपन्यांचे वकील तांत्रिक मुद्द्यांवर वर्षानुवर्षे अपिले लढवतात. पण विमा कंपनी पळून जात नाही आणि दिवाळखोरही सहसा होत नाही.

दुसरा आक्षेप कामगारांच्या बेफिकिरीचा. हेल्मेट देऊन घालत नाहीत, गार्ड काढून ठेवतात, पिऊन येतात. त्याचे पैसे आम्ही का भरायचे? कायद्याने याला अर्धे उत्तर दिले आहे. दारूच्या अमलाखाली झालेली, स्पष्ट हुकूम किंवा सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडल्याने झालेली, किंवा मुद्दाम गार्ड काढल्याने झालेली दुखापत असेल तर भरपाई नाकारता येते. मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आले तर मात्र हा बचाव चालत नाही, कारण तेव्हा शिक्षा बेफिकिराला होत नाही, त्याच्या घराला होते. उरलेले अर्धे उत्तर शॉपफ्लोअरवर आहे. पाळीत ठरलेले नग निघाले नाहीत तर रोज कापला जातो आणि गार्ड लावला की नग निघत नाहीत. अशा ठिकाणी गार्ड कामगाराने काढला असे म्हणणे अर्धसत्य आहे. शिवाय अपघाताने मालकाचे काहीच जात नसेल, तर सेन्सर बसवण्याचा खर्च तो कशासाठी करील? भरपाईचा दर हा सुरक्षेच्या बाजूने बोलणारा एकमेव आकडा असतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि १९२३ चा कायदा तिच्यात विरघळला. गणिताचा सांगाडा तोच आहे. कामावर जाता-येतानाचे अपघात संहितेत स्पष्टपणे आले, हे चांगले झाले. सोबतच्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने नेमणुकीचे पत्र सक्तीचे केले, हे त्याहून चांगले, कारण 'माणूस कोणाचा' याचे ते लेखी उत्तर आहे. पण ती संहिता साधारणतः दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरती, आणि अपघात लहान शेडमध्ये जास्त नाडतो. दुसरीकडे डिलिव्हरीवाल्या पोरांसाठी, ज्यांना कंपन्या 'पार्टनर' म्हणतात, संहितेने वेगळी वाट काढली. त्यांच्या कल्याण निधीसाठी कंपनीने उलाढालीच्या एक ते दोन टक्के द्यायचे. मालकाच्या भरपाईचे प्रकरण मात्र त्यांना लागू नाही. पावसात घसरून पाय मोडलेला पोरगा योजनेचा लाभार्थी होऊ शकतो, कंपनीचा हक्कदार होऊ शकत नाही. या गाळलेल्या जागेचे समर्थन 'तो कोणाचाच नोकर नाही' असे केले जाते. भाडे कंपनी ठरवते, वाट कंपनी दाखवते, उशीर झाला तर गुण कंपनी कापते. जखमेच्या क्षणीच तेवढा तो स्वतंत्र उद्योजक होतो.

माझ्या मते एक दुरुस्ती बाकी सगळ्यांहून मोलाची ठरेल. एखाद्या कामाच्या जागी कोणी जखमी झाला किंवा मेला, तर तो तिथल्या मुख्य मालकाचाच माणूस असे कायद्याने गृहीत धरावे. नसेल तर तसे मालकाने सिद्ध करावे. हजेरीची वही, गेटची नोंद, सीसीटीव्ही हे सगळे त्याच्याच ताब्यात असते. याने खोटे दावे वाढतील, असे म्हटले जाईल. तुटलेली बोटे खोटी आणता येत नाहीत, आणि ज्या मालकाकडे नोंदी आहेत त्याला भिण्याचे कारण नाही. उशिरावरचे इलाज आधीपासून आहेत: महिन्याभरात न दिल्यास १२ टक्के व्याज, सबळ कारण नसल्यास ५० टक्क्यांपर्यंत दंड, आयुक्तांनी तीन महिन्यांत निकाल देण्याची अपेक्षा, अपील करायचे तर आधी पूर्ण रक्कम जमा करण्याची अट. मृत्यूची खबर कोठूनही कळली तरी आयुक्त स्वतःहून मालकाला जाब विचारू शकतात. वर्तमानपत्रातल्या 'स्लॅब कोसळून मजूर ठार' या बातमीवर रोज एक नोटीस निघाली तरी पुष्कळ होईल.

तोवर वाचकांपैकी अनेकांच्या हातात एक गोष्ट आहे. दिवाळीनंतर सोसायट्यांच्या रंगकामाची आणि वॉटरप्रूफिंगची कंत्राटे निघतील, सातव्या मजल्यावर दोरावर माणसे लोंबतील. कोटेशनची तुलना करताना ठेकेदाराकडून दोन कागद मागा: कामावर येणाऱ्या प्रत्येकाचे नाव असलेली यादी आणि त्या माणसांचा चालू विमा. जो देणार नाही, त्याचा दर कितीही कमी असला तरी त्याला काम देऊ नका.